आधी रेवाचं दळण

"बटण दाबायचं, वरून धान्य ओतायचं, खाली डबा धरायचा. यात शिकण्यासारखं काय आहे ते मला कुणीतरी सांगा," माझा नवरा हेमंत म्हणाला आणि त्याने आपल्या वडिलांचा, भाईंचा, जुना पंचा डोक्याला गुंडाळला.

सकाळचे सात वाजले होते. दुसऱ्या दिवशी गणेशचतुर्थी. रोह्याच्या सुतारआळीतल्या आमच्या सासरच्या गिरणीपुढे डब्यांची रांग पार नळापर्यंत गेली होती. सगळ्या डब्यांत एकच माल, मोदकांचे तांदूळ. धुतलेले, सावलीत फडक्यावर वाळवलेले, वासाचे. रांगेतल्या बायका आत डोकावून बघत होत्या आणि आत रोजच्या माणसाऐवजी पुण्याहून आलेला इंजिनियर आणि ठाण्याहून आलेली त्याची बहीण बघून एकमेकींकडे बघत होत्या.

"कुंदा कुठाय?" खोतांच्या माईंनी विचारलं. माई आळीत वयाने सगळ्यात मोठ्या. त्यांचा डबा रांगेत कायम पहिला, मग त्या कितीही वाजता येवोत.

"आज त्यांना सुट्टी," माझ्या नणंदबाई अनुताई म्हणाल्या.

"चतुर्थीच्या आदल्या दिवशी? बरी आहे ना?"

"बऱ्या आहेत. आत वाती वळतायत."

माईंनी बंद दाराकडे पाहिलं, मग हेमंतच्या पंच्याकडे पाहिलं, आणि "बरं" एवढंच म्हणाल्या. त्या 'बरं'मध्ये बरंच काही होतं.

मी रेवाला कडेवर घेऊन गिरणीच्या पायरीवर उभी होते. रेवा तेव्हा दहा महिन्यांची. पिठाची धूळ नाकात जाऊ नये म्हणून मी तिच्या तोंडापुढे मलमलचा रुमाल धरला होता आणि ती तो खायचा प्रयत्न करत होती. त्या काळात मी कशी होते हे सांगायला हवं. रेवाचा चमचा मी तीनदा उकळायची. तिने किती वाजता दूध प्यायलं, किती वाजता शी केली, याची माझ्याकडे वही होती. घरात कुणी शिंकलं की मी रेवाला घेऊन दुसऱ्या खोलीत. हेमंतचे मित्र मला 'क्वालिटी कंट्रोल' म्हणायचे, आणि मला त्यात टोमणा दिसायचा नाही, कौतुकच वाटायचं.

"हेमंत," मी म्हटलं, "आधी रेवाचं दळून दे ना. गिरणी आत्ता स्वच्छ आहे. लोकांचं काय काय पडल्यावर मग नको."

माझ्या हातात स्टीलचा डबा होता. सत्त्वासाठी मोड आणून, वाळवून, भाजलेली नाचणी. अनुताईंनी तो डबा माझ्या हातातून घेतला, झाकण उघडून आत पाहिलं.

"नाचणी?" त्या म्हणाल्या.

"हो. तिचं सत्त्व संपलंय."

त्यांनी एक क्षण माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, एवढी काय घाई होती. सकाळपासून त्यांचा हरतालकेचा कडक उपास होता आणि उपाशी अनुताई म्हणजे गरम तवा.

"आधी बाळाचं," त्या म्हणाल्या आणि डबा गिरणीच्या वरच्या हॉपरमध्ये उपडा केला.

हेमंतने बटण दाबलं. पट्टा फिरला, जमीन थरथरली, रेवा रुमाल सोडून खदाखदा हसायला लागली. आणि त्या घराचा निकाल लागायला सुरुवात झाली.

*

निकाल कसला, ते सांगते.

भाई, म्हणजे माझे सासरे, वर्षापूर्वी गेले. माझ्या सासूबाई, सुमनताई, त्याच्या खूप आधी गेल्या होत्या. गिरणी त्यांनीच सुरू केलेली, पाटीवर नावही त्यांचंच, 'सुमन पीठ गिरणी'. त्या गेल्यावर भाई चार वर्षं एकटे राहिले आणि मग एक दिवस त्यांनी मुरुडच्या कुंदामावशींशी देवळात हार घालून लग्न केलं. कुंदामावशी विधवा, मूलबाळ नाही. लग्नाला पुजारी आणि खोतांच्या माई एवढेच साक्षीदार. नोंदणी वगैरे करायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. नऊ वर्षं दोघांनी मिळून गिरणी चालवली. भाई गेल्यावर एकट्या कुंदामावशींनी चालवली.

वर्षश्राद्धापर्यंत कुणी विषय काढला नाही. ते झालं आणि अनुताईंनी काढला. घर आणि गिरणी भाईंच्या नावावर, वारस दोन मुलं, कुंदामावशींचं नाव एकाही कागदावर नाही. गिरणी काढून टाकावी, तो गाळा कुणा दुकानदाराला द्यावा, घराला कुलूप लावावं किंवा विकावं. कुंदामावशींनी मुरुडला भावाकडे जावं.

हेमंत वाईट नव्हता. पण तो सातवीपासून पुण्याला मामाकडे शिकलेला. त्याच्यासाठी कुंदामावशी म्हणजे सुट्टीत घरी आल्यावर दिसणारी एक बाई. त्यांना तो 'कुंदाबाई' म्हणायचा, अनुताई तर काहीच म्हणायच्या नाहीत. लग्न होईपर्यंत अनुताई याच घरात वाढल्या, पण कुंदामावशी आल्यानंतर त्यांनी गिरणीच्या पायरीवर पाऊल ठेवलं नव्हतं. आईच्या नावाच्या पाटीखाली दुसरी बाई उभी राहते हे त्यांना बघवायचं नाही, असं त्या मला एकदा म्हणाल्या होत्या. त्यात खोटं काही नव्हतं.

गणपतीला आम्ही सगळे जमलो. चतुर्थीच्या तीन दिवस आधी, संध्याकाळी, रिकाम्या मखरासमोर बसून बोलणं झालं.

"घर मला नको," कुंदामावशी म्हणाल्या. "मागची खोली पुरे. पण गिरणी बंद करू नका. चालू गिरणी आहे, अख्खी आळी तिच्यावर आहे."

"चालवायलाच द्यायची तर दुसऱ्या कुणाला देऊ," अनुताई म्हणाल्या.

"द्या. पण माणूस बघून द्या. ज्याला चतुर्थीचं दळण जमत नाही, त्याच्याकडे ही आळी वर्षभर फिरकत नाही."

"दळणात काय जमायचंय?" हेमंत म्हणाला. त्याचं ते 'बटण दाबायचं' तेव्हापासूनच होतं.

कुंदामावशी हसल्या. तेवढंच निमित्त झालं. अनुताई ताठ बसल्या.

"ठीक आहे. परवाचं चतुर्थीचं दळण मी आणि हेमंत करतो. एक जरी तक्रार आली ना, एक जरी, तर किल्ल्या तुमच्या हातात देईन. गिरणी तुमची, घर तुमचं, तुम्ही आहात तोवर. मी पुन्हा तोंड उघडणार नाही. आणि नाही आली तक्रार, तर विसर्जनानंतर तुम्ही मुरुडला."

"ताई, अगं," हेमंत म्हणाला.

"बोलले ते बोलले. मखरासमोर बोललेय."

कुंदामावशींनी कमरेची किल्ली काढून पाटावर ठेवली. "बरं," त्या म्हणाल्या. "मी दळणात लुडबुड करणार नाही."

*

दळण जोरात सुरू झालं. पहिला डबा अर्थात माईंचा. हेमंतने तांदूळ ओतले, पीठ पडायच्या तोंडाला बांधलेली कापडी बाही डब्यावर धरायची असते हे तो विसरला, आणि अर्धी गिरणी पांढरी झाली. अनुताईंच्या भुवया पांढऱ्या, हेमंतच्या मिशा पांढऱ्या. रांगेतली एक मुलगी म्हणाली, "दादा, तुम्ही आजोबा दिसताय," आणि रांग हसली. हेमंतही हसला. खरं सांगायचं तर त्याला मजा येत होती. तासाभरात त्याने डब्यांना नंबराच्या चिठ्ठ्या लावल्या, रांगेच्या दोन रांगा केल्या आणि भाईंच्या काळापेक्षा काम कसं जलद चाललंय हे सगळ्यांना सांगितलं.

अनुताई फारसं बोलत नव्हत्या. डबे घेत होत्या, ओतत होत्या, देत होत्या. मधूनच हात थांबायचा आणि त्या फिरत्या पट्ट्याकडे बघत राहायच्या.

अकरापर्यंत रांग संपली. तक्रार एकही नाही. हेमंतने गिरणी बंद केली, पंचा झटकला आणि मला म्हणाला, "बघ."

मी बघितलं. आतल्या खोलीचं दार अजून बंदच होतं.

जेवणं झाली. अनुताई उपाशीच पाटावर दूर्वा निवडत बसल्या. साधारण दोन वाजता ओट्यावर काठी वाजली. माई होत्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात झाकलेलं ताट, आणि मागे डबा घेतलेली त्यांची सून.

"हेमंता," माई म्हणाल्या, "जरा इकडे ये बाळा."

हेमंत गेला. माईंनी ताटावरचं झाकण काढलं. ताटात उकडीचा गोळा होता. मऊ, गुळगुळीत, तकतकीत. आणि रंगाने भिजलेल्या विटेसारखा.

"म्हटलं, उद्या घाई नको, आज जराशी उकड काढून बघावी," माई म्हणाल्या. "हे काय आहे?"

"उकड," हेमंत म्हणाला.

"उकड मलाही दिसतेय. गणपतीला चॉकलेटचे मोदक करायचे का मी?"

हेमंतने गोळ्याला बोट लावून पाहिलं. इंजिनियर असल्याने त्याला कारण सापडायला वेळ लागला नाही. त्याचा चेहरा उतरला, मग त्याने तो परत चढवला.

"माई, नाचणी आहे ती. थोडीशीच. सकाळी आमच्या बाळाचं दळण आधी काढलं ना, दगडात राहिली असेल. पण अपाय काही नाही. उलट नाचणी पौष्टिक. कॅल्शियम असतं."

"गणपतीला कॅल्शियम कमी पडलंय असं तुला कुणी सांगितलं?"

माईंची सून डबा तोंडाशी धरून हसली. पण तोवर ओट्यावर आणखी दोघी आल्या होत्या, आणि नळाकडून तिसरी येताना दिसत होती. सकाळच्या धावपळीत कोरड्या पिठाचा रंग कुणाच्या लक्षात आला नव्हता, पण पाणी लागताच पहिल्या पाच-सहा डब्यांचं पीठ लालसर निघालं होतं. माईंचं सगळ्यात लाल, पुढचं जरा फिकं, असं उतरत उतरत. सहा घरांचे मोदक विटकरी.

"चतुर्थीच्या दळणाआधी नाचणी," माई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "एवढं वय झालं, असं कधी ऐकलं नाही. कुणी घातली?"

"मी," हेमंत म्हणाला. "चूक माझी. मला माहीत नव्हतं."

"नाचणी माझी होती," मी म्हटलं.

माईंनी माझ्याकडे पाहिलं, रेवाकडे पाहिलं, आणि त्यांचा आवाज निवळला. "तुझा काय दोष, पोरी. शहरात वाढलेली तू. लेकराच्या काळजीपुढे तुला दुसरं काही दिसतंय कुठे."

मी मान खाली घातली.

अनुताई उठल्या. त्यांनी खुंटीवरची किल्ली काढली आणि आतल्या खोलीचं दार ठोठावलं. मग ढकलून उघडलं. आत कुंदामावशी बसल्या होत्या. मांडीवर कापूस, पुढ्यात वातींचा ढीग. एवढ्या वाती आम्हाला पुढच्या दोन चतुर्थ्यांनाही पुरल्या असत्या.

"तक्रार आली," अनुताई म्हणाल्या. "एक नाही, सहा."

आणि किल्ली पुढे केली.

मला वाटलं होतं, कुंदामावशी काहीतरी बोलतील. निदान हसतील. त्या उठल्या, पदर खोचला आणि थेट गिरणीत गेल्या. कापडी बाही सोडून त्यांनी ती अंगणात काठीने झोडपली आणि तिच्या जागी फळीवरची धुतलेली बांधली. दगडाचं झाकण काढलं, ब्रशने आतून घासलं. मग तांदळाची कणी आणली आणि गिरणीतून घातली. बाहेर आलं ते गुलाबी. पुन्हा घातली, फिकं. तिसऱ्यांदा पांढरं. त्याची चिमूट त्यांनी दारातल्या उजेडात धरली, जिभेवर ठेवली, आणि मग म्हणाल्या, "माई, तांदूळ आहेत का घरात आणखी?"

"थोडे आहेत, धुतलेले नाहीत."

"माझ्याकडे धुऊन वाळवलेले आहेत, दर वर्षी जास्तच ठेवते. सगळ्यांना पुरतील. त्या लाल पिठाच्या भाकऱ्या करा, चांगल्या होतात."

हेमंत डबे उचलून द्यायला लागला. "मावशी, हा कुठे ठेवू?" त्याने विचारलं. 'कुंदाबाई' कुठे गेली ते त्याचं त्यालाही कळलं नसावं.

"ठेव तिथेच. आणि बाही धर नीट. घट्ट धर, पळून जाते ती."

साडेचारपर्यंत सहाही घरांत पांढरं पीठ पोचलं होतं. अनुताई बाजारातून स्टँपपेपर घेऊन आल्या, मखरासमोर बसून स्वतःच्या अक्षरात लिहून काढलं. श्रीमती कुंदा यांनी हयात असेपर्यंत या घरात राहावं, गिरणी चालवावी, त्यास आम्हा दोघांची कोणतीही हरकत नाही. हेमंतने सही केली, अनुताईंनी केली, साक्षीदार म्हणून माईंनी केली. माईंना सहीला पाच मिनिटं लागली, कारण त्यांनी पूर्ण नाव लिहिलं आणि मग वाचून दाखवलं.

*

याला आता सहा वर्षं होतील. रेवा पहिलीत जाते. चमचे मी अजून उकळते, पण एकदाच.

गेल्या चतुर्थीला कुंदामावशी, अनुताई आणि मी, आम्ही तिघी स्वयंपाकघरात मोदक वळत बसलो होतो. बाहेर हेमंत आरतीला आलेल्या लोकांना तो किस्सा सांगत होता. दर वर्षी सांगतो. दर वर्षी डबे वाढतात, उकड आणखी लाल होते. "चूक माणसाकडून होतेच," तो म्हणत होता, "पण मी तिथल्या तिथे कबूल केली."

मला राहवलं नाही.

"मावशी, तुम्हाला एक सांगायचंय," मी म्हटलं. "त्या नाचणीचं."

"काय?"

"ती मी गणपतीला आल्या दिवशीच तुमच्याकडे घेऊन आले होते, आठवतंय? तुम्ही परत पाठवलीत. म्हणालात, चतुर्थी होईपर्यंत गिरणीत तांदळाशिवाय काही पडायचं नाही, नाचणीचा रंग दगडातून लवकर सुटत नाही."

"म्हटलं असेन."

"म्हणालात. आणि मखरासमोर पैज लागली, त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही ट्रंक काढलीत. मला म्हणालात, तुझं अक्षर चांगलं आहे, यावर माझ्या भावाचा पत्ता लिहून दे. मी लिहिला. तुमचं नाव, खाली भावाचं नाव. दहा वर्षं एका घरात राहिलेली बाई, आणि तिचं नाव पहिल्यांदा लिहिलं जातंय ते ट्रंकेवर." मी मोदक खाली ठेवला. "मी नाचणी मुद्दाम आणली होती, मावशी. गिरणी स्वच्छ आहे वगैरे सगळं नाटक. माझ्यावर कुणी संशय घेणार नाही हे मला ठाऊक होतं."

अनुताई शेजारीच बसल्या होत्या. त्यांच्यासमोर सांगायचं मी ठरवलं नव्हतं, पण सांगून बसले होते.

कुंदामावशींनी मोदकाची एक पाकळी चिमटीत घेतली.

"मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या.

"कसं?"

"आवाजावरून. तांदूळ पडला की गिरणी खणखणते. नाचणी पडली की गुरगुरते. भिंतीपलीकडे बसले होते मी. पहिल्या मिनिटाला कळलं."

"मग उठला का नाहीत?"

"लुडबुड करणार नाही म्हटलं होतं ना." त्यांनी पुढची पाकळी घेतली. "शिवाय वाती वळत होते. कापूस हाताशीच होता. दोन बोळे केले आणि घातले कानात."

मी हसायला लागले. कुंदामावशीही लागल्या. मग आम्हा दोघींना एकदमच आठवलं आणि आम्ही अनुताईंकडे पाहिलं. त्या खाली बघून मोदकाचं नाक काढत होत्या.

"ताई," मी म्हटलं, "सॉरी. तुम्हाला हरवलं मी."

"तू?" अनुताई म्हणाल्या. "तू काय हरवतेस. केतकी, मी या गिरणीत जन्मले म्हटलं तरी चालेल. आईबरोबर चतुर्थीचं दळण वर्षानुवर्षं केलंय. पाच वर्षांची होते तेव्हा हरभरे टाकले होते एकदा, तर पाठीत धपाटा बसला होता. नाचणी तांदळाआधी गेली तर काय होतं, हे मला माहीत नसेल?"

त्यांनी नाक काढलेला मोदक ताटात ठेवला.

"डबा तू आणलास. ओतला कुणी?"

मोदकपात्राचं झाकण हलत होतं, ते त्यांनी नीट बसवलं.

"मी पहाटेच शटर उघडायला गेले होते," अनुताई म्हणाल्या. "इतक्या वर्षांनी पायरी चढले. पाटीला हात लावला आईच्या नावाला, तर बोटाला निळा रंग लागला. ओला होता." त्या कुंदामावशींकडे न बघता बोलत होत्या. "ट्रंक भरून ठेवली होती हिने. आणि आदल्या संध्याकाळी पाटी रंगवली होती."

"दर चतुर्थीला रंगवते," कुंदामावशी म्हणाल्या. "पावसात गंजते ती."

"हो. पण मी मखरासमोर बोलून बसले होते. ठाण्यात सांगून आले होते की विकूनच येते. आता मागे कसं फिरायचं? सकाळभर तेच डोक्यात. तेवढ्यात ही केतकी आली, तोंड एवढंसं करून, डबा घेऊन." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला खोटं बोलता येत नाही गं. कान लाल होतात तुझे. म्हटलं, ही जर एवढं धाडस करतेय, तर आपण ओतायला काय हरकत आहे."

कुंदामावशींनी डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाल्या की वाफ फार झाली आहे, जरा खिडकी उघडा.

खिडकी मी उघडली. बाहेर हेमंतची गोष्ट संपत आली होती आणि कुणीतरी विचारत होतं, मग माई काय म्हणाल्या. तो माईंचा आवाज काढून सांगत होता. लोक हसत होते. मग त्याने दारातून डोकं आत घातलं.

"तुम्ही कशाला हसताय तिघी?"

"काही नाही रे," अनुताई म्हणाल्या. मोदकपात्र उघडून त्यांनी केळीच्या पानावर एक एक मोदक काढला, पांढरेशुभ्र, वाफाळते. "जा, पान घे. केतकी, याला दोन जास्त वाढ. एवढी वर्षं बिचारा एकटाच चूक कबूल करतोय."